मूठभर चुऱ्याचा हिशेब

शहाबादी फरशी ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. ती ज्या शहाबाद-वाडी-सेडमच्या पट्ट्यातून येते, तिथलीच चुनखडी, म्हणजे आपल्या कन्नड मित्रांची 'सुण्णद कल्लु', सिमेंटच्या भट्ट्यांतही जाते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. भूगर्भाशी माझा काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण 2015 च्या कायदादुरुस्तीपासून अशा खाणी लिलावाने दिल्या जातात, आणि बोली लावणाऱ्याचा सारा हिशेब बोअरच्या नमुन्यांवरून काढलेल्या आकड्यांवर उभा असतो. तो नमुनाच चुकला तर?

भालकीला आमच्या काकांची अडत आहे. तुरीचा नमुना ते पोत्याच्या तोंडाशी मूठ घालून कधीच काढत नाहीत. टोकदार पोकळ नळी पार बुडापर्यंत खुपसतात. तोंडाशी निवडक माल भरलेला असू शकतो, हे त्यांना अनुभवाने माहीत. खाणीतही असेच घडते, फक्त तेथे लबाडी बहुधा वाऱ्याची असते.

सुरुंगाचे भोक पाडताना दाबाची हवा आतला चुरा वर फेकते आणि भोकाभोवती ढीग साचतो. सर्वांत खोलातला चुरा शेवटी येतो, म्हणून तो माथ्यावर बसतो. माथ्यावरची मूठ उचलली तर ती तळाचीच साक्ष देते. शिवाय खडे जवळ पडतात आणि बारीक धूळ उडून जाते. दगडाच्या भेगांतली माती बारीकच असते; ती उडाली की चुनखडी आहे त्याहून शुद्ध दिसते. उलट वरची काळी माती भोकात ढासळली तर चांगला दगडही हलका ठरतो. मग प्रयोगशाळेने दशांशापर्यंत चोख पृथक्करण केले तरी ते त्या मुठीचे झाले, खाणीचे नव्हे.

भोकांची संख्या वाढवून हे भागेल, असे मला आधी वाटले होते. पण किर्दीत एक चूक इकडची, एक तिकडची झाली तर काही अंशी फिटंफाट होते. प्रत्येक पावतीवर दोन रुपये कमीच लिहिले तर हजार पावत्यांनी तूट वाढतेच. एकाच दिशेची चूक अशी असते.

फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर गी यांनी आयुष्यभर या विषयाचा अभ्यास केला. ढिगातल्या प्रत्येक कणाला नमुन्यात येण्याची सारखी संधी हवी, हे त्यांचे मुख्य सूत्र. त्यासाठी ढिगात माथ्यापासून जमिनीपर्यंत आणि मध्यापासून कडेपर्यंत चर काढून चुरा घ्यावा, उडणारी धूळ पकडून तीही हिशेबात धरावी. नमुना कमी करायचा तर आधी खडे बारीक करावेत, चांगले मिसळावेत, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत.

दगडाचा अखंड गाभा काढतात तेव्हा तो उभा चिरून अर्धाच तपासायला पाठवतात. उरलेला अर्धा पेटीत जपतात. इंडोनेशियातील बुसांग येथे ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने गाभे जवळजवळ पूर्णच दळून टाकले होते. त्या चुऱ्यात बाहेरचे सोने मिसळले गेले, समभाग गगनाला भिडले, आणि पडताळून पाहायला पेट्यांत काही उरले नव्हते. 1997 साली दुसऱ्यांनी शेजारीच बोअर घेतले, तेव्हा सोने जवळजवळ निघालेच नाही.