शाळेंतील फ्लूची सांथ व पूर्ण हजेरीचें बक्षीस

पावसाळा लागून शाळा सुरळीत चालूं झाल्या कीं वर्गावर्गांतून खोकल्याचा आवाज ऐकूं येऊं लागतो. त्यांतील बराचसा साध्या पडशाचा असतो. परंतु एकाएकीं भरलेला ताप, अंगदुखी, कोरडा खोकला आणि मुलास अंथरुणावरून उठवेना इतका थकवा, हीं लक्षणें एकत्र दिसलीं म्हणजे तें नुसतें पडसें नसून फ्लू असण्याचा संभव फार. आपल्याकडे हा रोग पावसाळ्यांत व पुन्हां हिवाळ्याच्या सुमारास बळावतो.

या रोगास क्षुल्लक लेखणें बरें नव्हे. १९१८ सालीं जूनमध्यें मुंबई बंदरांतून शिरलेल्या इन्फ्ल्यूएंझानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. त्या वर्षीं ६ ऑक्टोबर या एकाच दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्याच सालीं अमेरिकेंतील बहुतेक शहरांनीं शाळांस कुलपें ठोकलीं, पण न्यूयॉर्क व शिकागो येथील शाळा चालूच राहिल्या. न्यूयॉर्कचे आरोग्याधिकारी डॉ. कोपलंड यांचें म्हणणें असें कीं, दाटीवाटीच्या चाळींतून राहणारें मूल, शिक्षक जेथें रोज त्यास न्याहाळतो व आजारी दिसतांच डॉक्टरांच्या स्वाधीन करतो, अशा शाळेंतच अधिक सुरक्षित. उलटपक्षीं, ज्या शहरांनीं शाळा व सभा लौकर बंद केल्या तेथें मृत्यूंचें मान कमी राहिलें, असें पुढें अभ्यासकांस आढळून आलें. पुण्यांतही ऑगस्ट २००९ मध्यें स्वाइन फ्लूनें देशांतील पहिला बळी, तोही एका शाळकरी मुलीचा, घेतला तेव्हां शाळा कांहीं दिवस बंद ठेवाव्या लागल्या. महासांथीपुरता तो उपाय योग्य होय. दरसालच्या फ्लूसाठीं मात्र पहिल्या तासाला हजेरी घेतांना शिक्षकानें मुलांच्या तोंडाकडे नीट पाहावें, हें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.

रोग पसरतो तो खोकल्याशिंकांच्या तुषारांतून, कोंदट हवेंतून व हातांवाटे. ज्वरासारखे रोग स्पर्शानें, निःश्वासानें, सहभोजनानें, एका शय्येवर निजल्यानें व दुसऱ्याचीं वस्त्रें वापरल्यानें संक्रमतात, असें सुश्रुतानें सांगून ठेवलें आहे. एका बांकावर बसून एका बाटलींतून पाणी पिणाऱ्या मुलांस तें तंतोतंत लागू पडतें. तेव्हां पाऊस आंत येतो म्हणून खिडक्या गच्च लावून साठ मुलें कोंडूं नयेत. पंचाईत ही कीं, लक्षणें दिसण्यापूर्वीं एक दिवस आधींपासूनच मूल रोग देऊं लागतें व पुढें पांच-सात दिवस, लहान मूल तर त्याहूनही अधिक काळ, देत राहतें.

आणि येथेंच पूर्ण हजेरीचें बक्षीस आड येतें. वर्षभर एकही दिवस न चुकविणाऱ्या विद्यार्थ्यास स्नेहसंमेलनांत टाळ्यांच्या गजरांत प्रशस्तिपत्र मिळतें. तें हुकूं नये म्हणून, अथवा चाचणी परीक्षा बुडूं नये म्हणून, सुशिक्षित मातापितरेंही सकाळीं पॅरासिटॅमॉलची गोळी देऊन मुलास शाळेंत धाडतात. गोळीचा अंमल मधल्या सुटीपर्यंत टिकतो. मग मूल बांकावर डोकें टेकतें, आणि तोंवर शेजारच्या चौघांस प्रसाद मिळालेला असतो! औषध न घेतां चोवीस तास ताप नसेल तरच मुलानें शाळेंत जावें, हा नियम घरींदारीं पाळला पाहिजे. आजारपणाची रजा गैरहजेरींत मोजणारें बक्षीस शाळांनीं बंद करावें, व बुडालेली चाचणी पुन्हां घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

एकत्र कुटुंबांत तर हा प्रश्न मुलापुरता राहत नाहीं. शाळेंतून आलेला फ्लू मुलास चार दिवसांत सोडतो, पण मधुमेही आजोबांस, गरोदर सुनेस किंवा तान्ह्या बाळास तो जड जातो. सहा महिन्यांच्या आंतील बाळास लस देतां येत नाहीं. म्हणून भोंवतालच्यांनीं ती घ्यावी. विषाणु रूप पालटतो, सबब लस दरसाल घ्यावी लागते, व तिचा गुण येण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. तेव्हां पावसाळ्यापूर्वींच घेणें सोयीचें. आजारी मुलाचें अंथरूण, भांडें व पंचा वेगळा ठेवावा, आणि आजीच्या कुशींत निजण्याचा त्याचा हट्ट तेवढे दिवस पुरवूं नये. अ‍ॅस्पिरिन मुलांस मुळींच देऊं नये; मागील आजारांतील उरलेलीं प्रतिजैविकेंही विषाणूपुढें निरुपयोगी होत. धाप लागणें, ओंठ निळे पडणें, पाणी न पिणें, किंवा उतरलेला ताप पुन्हां चढणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. विषाणूवरील औषध द्यावयाचें तर तें पहिल्या दोन दिवसांत दिल्यास विशेष लागू पडतें.

जूनमध्यें पालकसभा भरते, तेव्हां हा बक्षिसाचा विषय कोणीतरी काढावा. मुख्याध्यापक बहुधा विरोध करणार नाहींत. शिक्षकही त्याच वर्गांत, त्याच हवेंत बसलेले असतात.