खोडदच्या डिशा आणि एक भोळी ओळ

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला येणारे पाहुणे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिशांसमोर फोटो काढून परततात. साहजिकच आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशा, त्यातल्या १४ मधोमध आणि बाकीच्या ऊस-द्राक्षांच्या मुलखात तीन बाजूंना पांगलेल्या. आतल्या लोकांचे किस्से मात्र बऱ्याचदा एका ओळीपाशी सुरू होतात: ‘इम्पोर्ट नमपाय’.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली ही ओळ फार भोळी. आकडेमोडीची नमपाय ही लायब्ररी हवी, एवढंच ती सांगते. कुठली आवृत्ती, हे विचारत नाही. फोल्डरांच्या यादीत जी आधी सापडेल ती उचलते. पर्ल या दुसऱ्या भाषेत ‘यूज’च्या ओळीतच मॉड्यूलपुढे आकडा टाकता येतो आणि त्याहून जुनी आवृत्ती मिळाली, तर प्रोग्रॅम तिथेच अडतो. पर्लला नावं ठेवणारे पुष्कळ, पण इथे शहाणपण त्याचंच. पायथनमध्ये तो आकडा वेगळ्या फाइलीत लिहून ठेवायचा, आणि ती फाइल लिहायचा कंटाळा सगळ्यांनाच.

आवृत्तीचं हे दुखणं खोडदच्याच एका कामात दिसतं. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर आकाश धुंडाळलं, दोन हजारांहून जास्त तास. त्या डेटावर हुइब इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह आपल्या ‘स्पॅम’ पाइपलाइनने नव्याने प्रक्रिया केली. २०१७ साली सुमारे ६.२ लाख रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. सर्वेक्षणाच्या मूळ चमूबाहेरचं काम म्हणून यादीच्या नावातच ‘अल्टरनेटिव्ह’. स्पॅमचा पाया पायथन २, आणि त्याखाली १९७०च्या दशकात सुरू झालेलं ‘एप्स’ हे रेडिओ डेटाचं सॉफ्टवेअर. दोघांमधला दुभाष्या ‘पार्सलटंग’, म्हणजे हॅरी पॉटरमधली सापांची बोली!

१ जानेवारी २०२० पासून पायथन २ला कुणी वाली उरला नाही. नव्या पायथनवर जुना ‘प्रिंट’ लगेच कोसळतो, ते बरं. घात करतो तो भागाकार: एक भागिले दोन, पायथन २ मध्ये शून्य, ३ मध्ये अर्धा. एरर येत नाही, नकाशा तयार होतो, फक्त तो चुकीचा असू शकतो. त्यामानाने नमपाय सभ्य. ‘एनपी डॉट फ्लोट’ हे नाव जाणार, असं तिने १.२० पासून बजावलं आणि १.२४ मध्ये ते काढून टाकलं. अशा सूचना वाचतो कोण, हा भाग वेगळा.

रेडिओ डेटावर प्रक्रिया करणाऱ्या ‘कासा’ या सॉफ्टवेअरने आवृत्त्यांच्या या गोंधळावर उपाय शोधला: आपला पायथन स्वतःच्या पोटात घेऊनच ते येतं. पाचव्या मालिकेत २.७, सहाव्यात ३. म्हणून जीएमआरटी चालवणाऱ्या एनसीआरए या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यूजीएमआरटीसाठी, म्हणजे सुधारित जीएमआरटीसाठी, लिहिलेली ‘कॅप्चर’ पाइपलाइनही कासा ५ची वेगळी, ६ची वेगळी. विद्यार्थ्याच्या होम फोल्डरात दोन्ही कासा नांदतात आणि डिस्क भरली तरी जुनं पुसायला हात धजावत नाही.

आवृत्तीचा आकडा पक्का करण्यातही गोम आहे. जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. मग ते सगळं जुन्या लिनक्ससकट एका कंटेनरमध्ये बंद करायचं, नेटपासून लांब ठेवायचं, आणि शोधनिबंधात आवृत्तीचा पूर्ण आकडा छापायचा, शेवटच्या टिंबापुढचासुद्धा.