सरकी, पपईच्या बिया आणि पुरुषांची जबाबदारी

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. ठराव बाबासाहेबांचा, ते हजर नसल्याने तो मांडला आपल्या नगर जिल्ह्याचे आमदार पी. जे. रोहम यांनी. ठराव फेटाळला गेला. आज साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण भार बाईवरच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभर विवाहित जोडप्यांमागे सुमारे ३८ ठिकाणी बाईची नसबंदी झालेली दिसते. पुरुषाची एकाही ठिकाणी धड नाही.

“ऑपरेशन नको, एखादी जडीबुटी सांगा,” असे वस्तीतले भाऊ आम्हाला म्हणतात. अशी वनस्पती आहे का?

शेवगाव-पाथर्डीकडे पिकणाऱ्या कपाशीच्या सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. चीनमध्ये १९७० नंतर हजारो पुरुषांना त्याच्या गोळ्या दिल्या. शुक्रजंतू जवळपास नाहीसे झाले. पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम घटून हातापायांतली ताकद गेली, आणि गोळ्या बंद केल्यावरही काहींना मूल होण्याची क्षमता परत आली नाही. म्हणून हे औषध सोडून द्यावे लागले. दुकानातल्या रिफाइंड सरकी तेलातून हे द्रव्य काढलेले असते, त्या तेलाची भीती नको.

पपईच्या बियांवर जयपूरच्या राजस्थान विद्यापीठात काम झाले. त्यांच्या अर्काने वानरांचे शुक्रजंतू थांबले आणि अर्क बंद केल्यावर परत आले. पण तो प्रयोगशाळेतला अर्क, तोही प्राण्यांवर. घरी बिया चावून गर्भ राहायचा थांबत नाही.

म्हणजे संशोधनाला आशा आहे, पण पुरुषांसाठी खात्रीची वनस्पती आज नाही. बाजारातल्या पुडीवर विसंबलात, तर दिवस जातील तुमच्या बायकोला.

खात्रीचे उपाय दोन. पाळणा लांबवायचा असेल तर निरोध. तो दर वेळी वापरावा. मुले पुरे झाली असतील तर बिनटाक्याची नसबंदी. जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत ती होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. आठवडाभर जड काम टाळावे. ताकद, कामाचा जोर, शरीरसुख यांत फरक पडत नाही. मात्र पुढचे तीन महिने निरोध वापरावा आणि वीर्य तपासून घ्यावे. नसबंदी कायमची समजूनच दोघांनी निर्णय घ्यावा.

आशाताईंना विचारा. या वेळी बाईने नव्हे, भावांनी विचारावे.