पेशी कोणीकडे चालली?

खेळतांना मुलाच्या पायांत कांटा मोडतो. आई सुई घेऊन तो काढूं पाहते, तोंच आजीबाई म्हणतात, "राहूं दे, पिकून आपोआप वर येईल." या पिकण्यामागें काय घडत असतें, त्याचा उलगडा १८८२ सालीं सिसिलींतील मेसिना येथें झाला. मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञांनीं तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या त्वचेखालीं गुलाबाचे कांटे खुपसले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतात, तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! आपल्या जखमेंत जमणारा पू हाहि बव्हंशीं अशाच धांवून आलेल्या पांढऱ्या पेशींचा असतो.

परंतु चिकित्सक वाचक विचारील, या पेशी खरोखर कांट्याकडे निघाल्या होत्या, कीं भटकतां भटकतां तेथें अडकल्या? नुसतें पाहून याचा निर्णय होत नाहीं. त्यासाठीं प्रयोगच तसा योजावा लागतो.

१९६२ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधक बॉयडेन यांनीं एक सुटसुटीत पात्र योजिलें. वरखालीं दोन कप्पे, मध्यें सूक्ष्म छिद्रांचा पडदा. वर पांढऱ्या पेशी, खालीं त्यांना आकर्षणारा पदार्थ. छिद्रें इतकीं बारीक कीं, पेशी त्यांतून गळून पडत नाहीं. अंग आकसून तिला सरपटतच जावें लागतें. कांहीं तासांनीं किती पेशी पार झाल्या, तें मोजावयाचें.

तरीहि शंका उरतेच. तो पदार्थ पेशींना वाट दाखवितो, कीं नुसता चाळवितो? सणाच्या दिवशीं पोरें घरभर हुंदडूं लागलीं, म्हणजे त्यांतलीं चार स्वयंपाकघरांत शिरतातच; तेवढ्यावरून त्यांना लाडवांचा वास लागला, असें म्हणतां येत नाहीं! १९७३ सालीं झिग्मंड व हर्श यांनीं तो पदार्थ दोन्ही कप्प्यांत निरनिराळ्या प्रमाणांत घालून बुद्धिबळाच्या पटासारखें कोष्टकच मांडलें. दोहींकडे प्रमाण सारखें असूनहि पेशी अधिक फिरल्या, तर ती केवळ चळवळ. खालीं प्रमाण अधिक ठेवतांच त्या चळवळीच्या हिशेबापेक्षांहि जास्त पार गेल्या, तरच ती दिशा.

हा निव्वळ शब्दांचा कीस नव्हे. कर्करोगाच्या पेशी मूळ गांठ सोडून दूरच्या अवयवांत शिरतात, आणि बहुतेक रोगी त्या प्रसारानेंच दगावतात. एखाद्या औषधानें पेशीची चाल थांबली, दिशा चुकली, कीं ती मेलीच, हें न ओळखतां काढलेला निष्कर्ष रोग्याच्या जिवावर बेतेल.

आजीबाईंचें निरीक्षण खरेंच होतें. शास्त्रानें त्यांत भर घातली ती एका प्रश्नाची: "हें दुसऱ्या कोणत्या कारणानें तर घडलें नसेल ना?" मुलांना हा प्रश्न विचारण्याची संवय लावावयास मात्र प्रयोगशाळा लागत नाहीं.