बोट पाण्यावर का चढत नाही?

थ्रॉटल पूर्ण उघडलं, इंजिन ओरडतंय, पण बोटीचं तोंड आभाळाकडे आणि वेग जेमतेम. लहान आउटबोर्ड बोटींचं हे नेहमीचं दुखणं. बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकलेली असते. पाण्यात 16 फूट लांबी असलेल्या बोटीला ही अडचण साधारण 5.4 नॉटला, म्हणजे ताशी 10 किलोमीटरला जाणवू लागते. तो चढ ओलांडला की पाण्याचा दाब तळाला उचलून धरतो आणि बोट पाणी कापण्याऐवजी त्यावरून घसरू लागते.

बहुतेक जण लगेच मोठं इंजिन शोधतात. मला ते पटत नाही. आधी वजन पाहा. चालवणारा, पेट्रोलची टाकी, बॅटरी, सगळं मागेच कोंबलेलं असतं. नुसती टाकी पुढे सरकवली तरी फरक पडतो. मग इंजिनाचा कोन. मागच्या फळीवरच्या पकडीत भोकांची ओळ असते. इंजिन बंद करून तिच्यातली खीळ एकेक घर सरकवून बघा. पंखा फळीकडे आला की तोंड खाली बसतं, लांब गेला की वर उठतं. फारच लांब गेला तर बोट उड्या मारू लागते आणि वळणावर पंखा हवा ओढतो.