मातीचा बांध आणि त्याखालचा पाडा

आपल्या त्रैमासिकात पाण्याच्या कामांच्या बातम्या नेहमी येतात. विहीर खोल केली, तळ्यातला गाळ काढला, नाल्यावर बांध घातला. त्या बांधाचे दहा-वीस वर्षांनी काय झाले, हे मात्र क्वचितच छापले जाते. या वर्षी पावसाळ्याआधी मी जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत काही पाड्यांवर जुने मातीचे बांध पाहत फिरलो. त्या फेरीत लोकांनी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे एकत्र लिहावीत म्हणून हा लेख.

दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा भराव घालून नाला अडवायचा, एवढीच मूळ कल्पना. कुठे त्याला पाझर तलाव म्हणतात, कुठे गाव तलाव, आणि पाड्यावरची माणसे सरळ ‘धरण’ म्हणतात. पाणी मुरवणे हा त्याचा मुख्य हेतू. पण डोंगरावरून येणारा लोंढा थोपवून सावकाश खाली सोडणे, हेही काम तो करतो. खालच्या भातखाचरांचे बांध त्यामुळे टिकतात. नाल्याला पूर्वीसारखा पूर येत नाही, असे चार-पाच पावसाळे दिसले की मग लोक नाल्याच्या काठावरच्या सपाट जागेत घरे बांधू लागतात. जिथे आजोबांनी झोपडी घातली नसती, तिथे नातवाचे घरकुल उभे राहते. धोका वाढतो तो असा, आणि तो बांध बांधला त्या दिवशीच्या नकाशात नसतो.

बांध म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. मधोमध चिकण मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरूम असतो, तो भार पेलतो. गाभा जमिनीखाली खंदकात उतरवलेला असतो, म्हणजे पाणी खालून निसटू नये. पाण्याकडच्या उतारावर लाटांसाठी दगडांची पिचिंग असते. आणि एका बाजूला, भरावापासून थोडे दूर, टेकडीत कोरलेला सांडवा असतो. लोकांना यातला सांडवा सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. माझ्या मते पाहणीची सुरुवात तिथूनच करावी.

एक हिशेब सांगतो. बांधाच्या वर एक चौरस किलोमीटरचे पाणलोट क्षेत्र आहे आणि एका तासात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 5 कोटी लिटर पाणी पडले. आषाढात जमीन आधीच चिंब असते, त्यामुळे त्यातला तीन चतुर्थांश भाग जरी वाहून आला, तरी सेकंदाला दहा हजार लिटर, म्हणजे दर सेकंदाला मोठा टँकरभर पाणी तळ्यात येते. तळे भरलेले असेल तर तेवढेच पाणी सांड्यावाटे बाहेर गेले पाहिजे. नाहीतर ते बांधाच्या माथ्यावरून जाईल, आणि मातीच्या बांधावरून वाहणारे पाणी कोरड्या बाजूचा उतार बघता बघता कापत नेते. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेले तर शोभा दिसते. मातीच्या बांधाला ते परवडत नाही.

मी पाहिलेल्या एका सांड्यात करवंदीची जाळी माजली होती. दुसऱ्यात मासे अडवायला दगड रचले होते. तिसऱ्या ठिकाणी उन्हाळ्यात थोडे जास्त पाणी राहावे म्हणून सांड्याच्या तोंडाशी मातीच्या गोण्या टाकून ते हातभर उंच केले होते. मार्चमध्ये दोन मैल चालून हंडा भरणाऱ्या बाईला ती हातभर उंची म्हणजे किती, हे मला कळते. तरीही त्या गोण्या काढाव्याच लागतात. सांडवा आणि बांधाचा माथा यांच्यामधली उंची हीच मोठ्या पावसाची जागा आहे. ती साठवणीसाठी वापरली, की मोठ्या पावसाला जागा उरत नाही.

दुसरा प्रश्न सगळीकडे निघाला. “दादा, बांधाच्या खाली ओल सुटलीय, म्हणजे तो फुटणार का?” मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाझरणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ, आणि पाझर तेवढाच आहे की वाढतो आहे, या दोन गोष्टी पाहायच्या. पाणी काचेच्या बाटलीत धरून तासभर ठेवावे. तळाशी माती बसली, तर ती माती बांधाच्या पोटातून किंवा पायातून आलेली असण्याची शक्यता आहे. कण कण करून आत पोकळ नळी तयार होते, ती पाण्याच्या बाजूकडे सरकत जाते, आणि मग वरचा माथा खचतो. बाहेरून मात्र शेवटपर्यंत फारसे काही दिसत नाही.

पाझर मोजायला यंत्र लागत नाही. ओघळ एका जागी वळवून दहा लिटरची बादली किती वेळात भरते ते वहीत लिहावे, शेजारी तळ्याची पातळी लिहावी. पातळी तीच असून बादली लवकर भरू लागली, तर थांबू नये, कळवावे. हे काम आठवीतली मुलगी नीट करू शकते; एका पाड्यावर ती करतेही आहे.

पाणी सोडण्याची मोरी भरावातून जाते, तिथे विशेष लक्ष हवे. नळ आणि माती यांचा सांधा ही मातीच्या बांधाची दुखरी जागा. 12 जुलै 1961 रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले, तेव्हा ते बांधून पुरे झालेले नव्हते. त्याच्या मोरीच्या बांधकामापाशी भराव खचत गेला होता, आणि जवानांनी रात्रभर वाळूच्या पोत्यांनी माथा सावरून धरला होता. धरण मोठे होते, पण जे घडले ते लहान बांधातही तसेच घडते.

झाडे आणि बिळे यांबद्दलही थोडे. बांधावर गवत हवे, झाड नको. झाड वाळले की मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी बोगदे राहतात. रोपटी लहान असतानाच उपटावीत. मोठे झाड मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय तोडू नये. खेकडे आणि घुशी भराव पोखरतात, हे खरे. पहिल्या पावसात चिंबोऱ्या धरायला मुले बांधच खणतात, हेही खरे. त्यांना ओढ्याची वाट दाखवावी. पण चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा सरकारातून पहिले कारण खेकड्यांचे सांगितले गेले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी त्याआधीच केली होती. बिळे दिसतात, बुजवता येतात. ती कोणी, कधी पाहायची हे ठरलेले नसते, तिथे अडते.

कायद्याने हे ठरवले आहे असे आपण धरून चालतो. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना लागू आहे. 10 ते 15 मीटरमधली धरणे लांबी, साठा अशा काही अटींत बसली तरच त्यात येतात. आपल्या पाड्यावरचे बहुतेक बांध याच्या खूप खाली. त्यांची मालकी कुठे जिल्हा परिषदेकडे, कुठे वनखात्याकडे, आणि कामाचा फलक गंजून गेलेला. दुसरीकडे, 1996 चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवायला सांगतो. म्हणजे ग्रामसभेला विचारण्याचा हक्क आहे. बांध कोणाचा, शेवटची दुरुस्ती कधी झाली, मे महिन्यात पाहणीला कोण येणार, हे तीन प्रश्न ठरावात लेखी घ्यावेत आणि ठरावाची पोच ठेवावी.

आणि रात्री गढूळ पाणी उसळताना दिसले तर? आधी नाल्याकाठची माणसे वर न्यावीत, बांध नंतर. भोक माती कोंबून बुजवू नये. आत दाब वाढतो आणि पाणी शेजारून वाट काढते. वेळ आणि माणसे असतील तर उसळीभोवती वाळूच्या गोण्यांचे कडे करून आत आधी वाळू आणि वर खडी टाकावी, म्हणजे पाणी गाळून बाहेर येते, माती आत राहते. 1077 हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक घराघरात लिहून ठेवावा. पण बऱ्याच पाड्यांवर रेंज नसते. म्हणून खुणेचा आवाज आधी ठरवावा. एका पाड्याने शाळेची घंटा ठरवली आहे, सलग वाजली की टेकडीवरच्या आंब्याखाली जमायचे. जूनच्या पहिल्या रविवारी त्यांनी ते एकदा करून पाहिले. दोन म्हाताऱ्यांना उचलून न्यावे लागेल, हे त्या दिवशी लक्षात आले, आणि त्यांना कोणी न्यायचे तेही तिथेच ठरले.

बांधाच्या नोंदवहीचा नमुना आपल्या केंद्रात ठेवला आहे. पाने मोजकीच आहेत. तारीख, पातळी, बादलीची वेळ, पाण्याचा रंग, सांडव्याची स्थिती. ज्या कार्यकर्त्यांना हवा असेल त्यांनी पोळ्यापूर्वी घेऊन जावा, कारण तळी काठोकाठ भरतात ती त्याच सुमारास.