काटा खाली गेला की...

भंडाऱ्याहून नागपूर साधारण ६०-६५ किलोमीटर. गाडी रिझर्व्हला लागली, पिवळा दिवा पेटला की मनात हिशेब सुरू होतो: ‘रिझर्व्हमध्ये पाच लिटर तर असतंच, गाडी पंधराचं अॅव्हरेज देते, म्हणजे पंचाहत्तर. नागपुरात शिरताना पारडीला भरू.’ गुणाकार बरोबर आहे, पण त्यातले दोन्ही आकडे ऐकीव.

टाकीत एक फ्लोट तरंगत असतो. इंधन उतरलं की तो उतरतो आणि त्याच्या दांडीमुळे काटा हलतो. मागच्या सीटखाली बसवायची म्हणून टाकी वेडीवाकडी घडवलेली असते. त्यामुळे काटा सगळीकडे सारख्या वेगाने उतरत नाही. चढावर किंवा कलत्या जागी उभ्या गाडीत तो वेगळंच काही सांगतो. दिवा किती लिटरला लागतो हेही मॉडेलप्रमाणे बदलतं. ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावं, शेजाऱ्याला विचारू नये. स्क्रीनवर ‘अजून इतके किलोमीटर’ दिसतं ना, तो आकडा मागच्या काही किलोमीटरच्या अॅव्हरेजवरून काढलेला असतो. पुढे जाम लागणार आहे, हे त्याला कुठून कळणार?

अॅव्हरेजचंही तेच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मोकळा हायवे पाहून गाडी शंभरवर नेली की पंधराचं अॅव्हरेज बाराच्या आसपास यायला वेळ लागत नाही. म्हणजे पाच लिटरमध्ये साठ किलोमीटर, आणि पारडीचा भरवसा संपला. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. दिवा लागल्यावर ‘लवकर पोचू’ म्हणून गाडी दामटणं हा सगळ्यात वेडा उपाय. टॉप गिअरमध्ये पन्नास-साठच्या संथ वेगाने जावं, एसी बंद करावा. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची युक्ती कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

रोज रिझर्व्हवर फिरणाऱ्यांना वेगळा फटका बसतो. इंधनाचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि भोवतीच्या इंधनानेच थंड राहतो. पातळी खाली गेली की वळणावर पंप हवा ओढतो, तापतो, झिजतो. तो बदलायचा खर्च निघाला की शंभर-शंभरचं पेट्रोल टाकण्यातली बचत कुठल्या कुठे जाते.

तरी गाडी बंद पडलीच तर खरा धोका पेट्रोलचा नसतो. इंजिन थांबलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरतीच ताकद उरते, नंतर पेडल दगडासारखं. म्हणून गाडी आचके देऊ लागताच इंडिकेटर लावून डावीकडे घ्यावी, ब्रेक एकदाच पण ठाम दाबावा. लाखनी-साकोलीदरम्यानच्या मोहघाट्याच्या जंगलात रात्री ट्रकच्या रांगेसमोर उभं राहायची वेळ आली तर चारही इंडिकेटर चालू ठेवावेत आणि माणसांनी गाडीपासून दूर, रस्त्याच्या कडेला थांबावं. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. अड्याळ-पवनीच्या बाजूला किंवा नागझिरा अभयारण्याच्या पिटेझरी गेटकडे वळायचं असेल, तर हायवेवर पंप दिसतोय तेव्हाच टाकी भरलेली बरी. जंगलात पंप नाही, आणि तिथे गाडीतून उतरून चालत निघण्याचीही सोय नाही.

खेड्यात दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळतं. अडचणीत लोक ते घेतात, पण त्यात काय मिसळलंय ते कळत नाही, आणि उन्हात तापलेल्या गाडीत अशी बाटली ठेवणं जिवावरचं. पेट्रोल टाकल्यावर लगेच स्टार्टर मारत बसू नये. किल्ली दोन-तीनदा नुसती ‘ऑन’वर नेऊन काही सेकंद थांबावं, पंपाला पाइप भरू द्यावेत. डिझेल गाडीच्या लाइनमध्ये मात्र हवा शिरते. ती काढल्याशिवाय कितीही डिझेल ओता, गाडी हलत नाही. तिथे बहुतेकदा मेकॅनिकच बोलवावा लागतो.